विहिरीची खरी गोष्ट कोणती? आयर्लंडमधील पवित्र झऱ्यांच्या दंतकथांविषयी एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

नमस्कार.

आपण लिहिले आहे की आपण डब्लिनच्या वायव्येला मलहडर्ट येथे राहता, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ‘लेडी वेल’ नावाची जुनी पवित्र विहीर आहे आणि आपल्या मुलीला शाळेत गावाच्या वारशावर प्रकल्प करायचा आहे. आपण माहिती शोधू लागलात तेव्हा एका ठिकाणी ही विहीर पाच हजार वर्षांपूर्वीच्या केल्टिक, म्हणजे ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या, देवीची म्हटली होती, दुसऱ्या ठिकाणी ती येशूच्या आईची म्हणून ख्रिस्ती मानली होती, तर तिसऱ्या ठिकाणी असल्या सगळ्या दंतकथा पर्यटनासाठी रचलेल्या आहेत असे म्हटले होते. यातली खरी गोष्ट कोणती, हा आपला पहिला प्रश्न. उन्हाळ्यात पश्चिमेकडे फिरताना एका विहिरीशेजारच्या झाडाला बांधलेल्या चिंध्या पाहून मुलीलाही तेथे रिबीन बांधावीशी वाटते, ती बांधू द्यावी का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे, पण ते पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे शेवटी देते.

मी सतरा वर्षांपासून आयर्लंडमध्ये राहते. विहिरी पाहणे आणि त्यांच्याबद्दल लोक काय सांगतात ते टिपून ठेवणे हा माझा सुटीतला उद्योग आहे, आणि गेली काही वर्षे लोकसाहित्याच्या जुन्या हस्तलिखित वह्या टंकित करणाऱ्या स्वयंसेवकांमध्येही मी आहे. या कामातून जे कळले ते सांगते. मात्र देशात अशा विहिरी सुमारे तीन हजार आहेत असा अंदाज दिला जातो, आणि एकीला लागू पडणारे दुसरीला पडेलच असे नाही, हे आधीच मान्य करून टाकलेले बरे.

सुरुवात शब्दापासून करावी लागते, कारण मराठीत ‘विहीर’ म्हटले की डोळ्यांसमोर रहाट, कठडा आणि खोल पाणी येते. आयरिश भाषेतील ‘तोबर’ हा शब्द बहुतेक वेळा जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या झऱ्यासाठी वापरलेला दिसतो. अनेक पवित्र विहिरी गुडघाभरही खोल नसतात. चार दगड रचून केलेले कुंड, त्यावर एखादे झुडूप, शेजारी प्लास्टिकची मूर्ती आणि एक पेला एवढेच तेथे असते. मेयो काउंटीतील बॅलिनटबर म्हणजे ‘विहिरीचे गाव’. अशी गावांची नावे बेटभर आहेत, आणि पुष्कळदा झरा आटला तरी नाव तेवढे मागे राहिलेले असते.

आता कथांकडे वळू. कथा ‘खरी’ आहे का, असे विचारताना आपण बहुधा ती कथा विहिरीच्या उगमाबद्दल काही सांगते असे धरून चालतो. माझा अनुभव असा की या कथांपैकी फारच थोड्या उगमाविषयी असतात. बहुतेक कथा त्या पाण्याशी कसे वागावे, ते कोणाचे आहे आणि नियम मोडला तर काय होते, याविषयी असतात. कथा म्हणजे तेथे लावलेली न लिहिलेली पाटी असे मानले, की पुष्कळ गुंता सुटतो.

सर्वांत साधे उदाहरण न उकळणाऱ्या पाण्याचे आहे. काउंटी काउंटीत, थोड्याफार फरकाने ही कथा आढळते. घरात नवी आलेली सून किंवा परगावची पाहुणी नकळत पवित्र विहिरीचे पाणी चहासाठी आणते, किटली दिवसभर चुलीवर राहते, खाली इंधन जळून जाते, पण पाणी कोमटसुद्धा होत नाही. शेवटी शेजारची म्हातारी येते, पाणी कुठून आणले ते विचारते आणि ते परत नेऊन ओतायला लावते. वेस्टमीथ काउंटीतील फोर या गावी तर ‘न उकळणारे पाणी’ हे तेथील सात आश्चर्यांपैकी एक मानले जाते, आणि त्याच्याशी सातव्या शतकातील संत फेखिनचे नाव जोडलेले आहे. या कथेत चूक करणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी बाहेरून आलेली असते, कारण गावातल्या माणसाला कोणते पाणी घरकामाचे आणि कोणते नाही हे सांगावे लागत नाही. नव्या माणसाला ते शिकवण्याचे काम ही कथा करते.

दुसरी कथा आंधळ्या घोड्याची. विहिरीच्या पाण्याने माणसांचे डोळे बरे होतात हे ऐकून एक शेतकरी आपला आंधळा घोडा तेथे आणतो. घोड्याला दिसू लागते आणि शेतकरी आंधळा होतो. काही ठिकाणी घोड्याऐवजी कुत्रा असतो. माणसांच्या पाण्यात जनावर घालू नये, हा नियम याहून परिणामकारक रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही.

याच जातीची, पण जास्त खोल जाणारी कथा विहीर उठून निघून गेल्याची आहे. कोणी तिच्यात कपडे धुतो, कोणी ती बुजवतो, कोणी कुंपण घालून लोकांची वाट अडवतो, आणि एका रात्रीत झरा आटून दुसरीकडे उगवतो. लीश काउंटीत माउंटरॅथजवळ क्लोनेना येथे संत फिंटनचे झाड होते. ते सिकमोर जातीचे होते आणि त्याच्या खोडाच्या बेचक्यात पाणी साचून राहत असे. लोक सांगत की मूळ विहिरीचा अपमान झाला, म्हणून ती झाडात जाऊन राहिली. श्रद्धेपोटी त्या खोडात नाणी ठोकण्याची प्रथा पडली, आणि नाण्यांनी पोखरलेले ते झाड १९९४ मध्ये कोसळले. पुढे बुंध्यातून नवे कोंब फुटले. विहीर स्थलांतर करते या कथांत दोषी म्हणून पुष्कळदा जमीनदार किंवा त्याचा माणूस येतो. जमीन कायद्याने ज्याची, त्याला पाणी बंद करण्याचा अधिकार होता, गावकऱ्यांकडे दाद मागायला जागा नव्हती, आणि कथेने ती दाद दिली: जमीन तुझी असेल, पण विहीर तुझ्या जमिनीवर राहायला बांधलेली नाही. म्हणून विहीर हलल्याची कथा मला कुठे सापडली की मी आधी त्या शिवाराची मालकी केव्हा बदलली हे शोधते. दरवेळी काही हाती लागतेच असे नाही, पण शोधाची दिशा बहुधा चुकत नाही.

माशांच्या कथा मला स्वतःला सर्वांत आवडतात. काही विहिरींत एक ट्राउट मासा किंवा ईल राहतो असे मानतात. तो सगळ्यांना दिसत नाही, पण ज्या आजाऱ्याला दिसतो तो बरा होतो. मीथ काउंटीत कॅसलकीरन येथे संत कीरनच्या विहिरीत ऑगस्टच्या पहिल्या रविवारच्या मध्यरात्री मासे दिसतात असे सांगतात आणि लोक त्यासाठी जमतात. अशाच एका विहिरीतला मासा कोणीतरी पकडून जाळीवर भाजायला ठेवतो, तो उडी मारून निसटतो आणि परत पाण्यात जातो, तेव्हापासून त्याच्या अंगावर जाळीच्या काळ्या रेघा आहेत, ही कथा अनेक ठिकाणी सांगतात. ट्राउटला थंड, वाहते आणि भरपूर प्राणवायू असलेले पाणी लागते. तो जिवंत असेल तर झरा चांगला आहे हे खेडुताला न शिकवता कळत असे. त्याला मारणे म्हणजे पाण्याची परीक्षा करणारा साक्षीदार मारणे. असे स्पष्टीकरण दिले की काही जण नाराज होतात, कारण त्यांना कथेतील गूढ उणावल्यासारखे वाटते. मला तसे वाटत नाही. काळ्या रेघा ओढलेला तो मासा माझ्या डोळ्यांसमोरून काही जात नाही.

येथपर्यंत मी बोलले ते तोंडी कथांबद्दल. आता हस्तलिखितांकडे जाऊ, कारण ‘केल्टिक देवी’चा दावा करणारे त्यांचाच आधार घेतात.

सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तीरेखान नावाच्या बिशपने आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत पॅट्रिकच्या प्रवासाचा वृत्तांत लॅटिनमध्ये लिहिला. त्यात ‘स्लान’ नावाच्या एका विहिरीची गोष्ट आहे. मगी, म्हणजे जुन्या धर्माचे पुरोहित, त्या विहिरीला देवाप्रमाणे मान देत आणि तिला ‘पाण्यांचा राजा’ म्हणत. तिच्यावर चौकोनी दगड होता. एका ज्ञानी पुरुषाला अग्नीची भीती वाटे, म्हणून आपली हाडे पाण्यात राहावीत यासाठी त्याने त्या दगडाखाली आपली पेटी ठेवली आहे, अशी लोकांची समजूत होती. पॅट्रिकने दगड बाजूला करवला, तेव्हा खाली पाण्याशिवाय काहीही नव्हते. ‘स्लान’ म्हणजे निरोगी, सुखरूप. आजही आयरिश माणूस निरोप घेताना हाच शब्द वापरतो.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी झऱ्यांना मान दिला जात होता, हे दाखवायला ही नोंद उपयोगी आहे, यात शंका नाही. पण ती लिहिणाऱ्याचा हेतूही पाहिला पाहिजे. पॅट्रिक कोठे कोठे गेला याची यादी करून ती ठिकाणे आर्मा येथील धर्मपीठाच्या अधिकाराखाली येतात हे तीरेखानला सिद्ध करायचे होते. म्हणजे सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वीची ही कथासुद्धा, माउंटरॅथच्या झाडाप्रमाणेच, पाणी कोणाचे या भांडणातला कागद आहे.

दुसरी जुनी कथा बोअनची आहे, आणि ती बाराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांत मिळते. किल्डेअर काउंटीतील कार्बरी टेकडीवर नेख्तनची गुप्त विहीर होती. तो आणि त्याचे तीन पेलेवाहक यांच्याखेरीज तिच्याजवळ कोणी जायचे नाही असा दंडक होता. त्याची बायको बोअन ते न मानता विहिरीला डावीकडून तीन फेऱ्या घालते, विहिरीतून तीन लाटा उसळतात, तिचा पाय, हात आणि डोळा हिरावून नेतात, ती समुद्राकडे पळते आणि तिच्या मागोमाग धावणारे पाणी म्हणजे बॉइन नदी. बॉइनचा उगम आजही कार्बरीजवळच्या ‘ट्रिनिटी वेल’मध्ये दाखवतात. शॅनन नदीची कथाही अशीच आहे. तेथे सिनन नावाची स्त्री ज्ञानाच्या शोधात विहिरीपाशी जाते आणि पाण्यात बुडते.

येथे दिशेचा मुद्दा आपल्याला लगेच कळण्यासारखा आहे. विहिरीला फेऱ्या घालायच्या त्या सूर्याच्या गतीने, उजवा हात विहिरीकडे ठेवून. याला ‘देशल’ म्हणतात. उलट फेरीला ‘तुअहल’ म्हणतात, ती शाप देण्यासाठी घालतात अशी समजूत आहे, आणि आजच्या आयरिशमध्ये त्या शब्दाला ‘चूक, घोडचूक’ असा अर्थही आहे. ‘देशल’मधला ‘देस’ म्हणजे उजवा, आणि तो आपल्या ‘दक्षिण’ शब्दाचा खराखुरा सगोत्र आहे. दोन्ही एकाच प्राचीन मूळ धातूपासून आलेले. प्रदक्षिणा घातलेल्या मराठी माणसाला येथे ओळखीचे वाटते, यात नवल नाही. परंतु शब्दांचे नाते सिद्ध झाले म्हणून विधींचे नातेही सिद्ध झाले असे होत नाही. उजव्या बाजूला शुभ मानणारे समाज जगात पुष्कळ आहेत. मुलीच्या प्रकल्पात शब्दांची गंमत जरूर घालावी, त्यापुढे जाऊ नये.

आता वयाचा प्रश्न. ‘पाच हजार वर्षांपूर्वीची केल्टिक’ या शब्दप्रयोगातच चूक आहे. न्यूग्रेंजचे प्रसिद्ध अश्मयुगीन थडगे इसवीसनपूर्व ३२०० च्या सुमाराचे आहे, आणि त्या काळात आयर्लंडमध्ये केल्टिक भाषा बोलल्या जात होत्या असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. शिवाय फारच थोड्या पवित्र विहिरींचे शास्त्रीय उत्खनन झालेले आहे. त्यामुळे विशिष्ट विहीर ख्रिस्तपूर्व आहे असे सांगणाऱ्याकडे बहुधा पुरावा नसतो, आणि ती तशी नाहीच असे सांगणाऱ्याकडेही नसतो. अभ्यासकांत यावर खरा मतभेद आहे. काहींच्या मते परंपरा सलग आणि प्राचीन आहे, तर काहींच्या मते आज दिसणारे विधी, म्हणजे ठरलेल्या फेऱ्या, ठरलेल्या प्रार्थना आणि मोजणीसाठी खडे, हे मुख्यतः सोळाव्या शतकातील प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर घडले, जेव्हा कॅथलिकांची चर्चे त्यांच्या हातून गेली आणि उघड्यावरची ठिकाणे तेवढी उरली. माझे मत विचाराल तर पाण्याविषयीचा आदर जुना आहे आणि विधींचे आजचे रूप त्यापेक्षा पुष्कळ अलीकडचे.

कधी कधी मात्र दंतकथेच्या खाली खरोखर काही जुने सापडते, आणि म्हणून घाईने सगळे उडवून लावू नये. कॉर्क काउंटीत बालीव्हर्नी येथे संत गॉबनिटचे स्थान आहे. जेथे नऊ पांढरी हरणे चरताना दिसतील तेथे तुझे कायमचे घर, असे देवदूताने तिला सांगितले, आणि ती हिंडत हिंडत येथे पोहोचली. पुढे गुरे पळवून नेणाऱ्या लुटारूंवर तिने मधमाश्या सोडल्या. मधमाशी पाळणारे तिला आपली संत मानतात. तिच्या नावातला ‘गॉब’ हा लोहार या अर्थाच्या आयरिश शब्दाशी जोडला जातो, पण कथेत लोहारकामाचा मागमूस फारसा नाही. १९५१ मध्ये तेथील ‘गॉबनिटचे घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोल बांधकामाचे उत्खनन झाले, तेव्हा लोखंड गाळल्याचा मळ आणि धातुकामाच्या खुणा मिळाल्या. नावाने जे जपले होते ते कथा विसरली होती. ११ फेब्रुवारीला तिचा सण असतो. त्या दिवशी मध्ययुगीन लाकडी मूर्ती बाहेर काढतात, लोक रिबीन आणून मूर्तीच्या लांबीएवढी आणि तिच्याभोवती मोजून घेतात, आणि ती ‘गॉबनिटचे माप’ म्हणून वर्षभर घरी ठेवतात, आजारपणात अंगाला लावतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पुढच्या बाईने सहा रिबिनी मोजून घेतल्या, त्यांतली एक परदेशी शिकणाऱ्या नातवासाठी होती.

आपल्या तिसऱ्या दाव्याबद्दल, म्हणजे हे सगळे पर्यटनासाठी रचले, याबद्दल दोन गोष्टी सांगते. कॅथलिकांविरुद्ध केलेल्या १७०४ च्या कायद्याने विहिरींवर जमणे हा बेकायदा जमाव ठरवला गेला. जाणाऱ्याला दहा शिलिंग दंड आणि दंड न भरल्यास फटके, अशी शिक्षा होती. कोणी पर्यटनासाठी फटके खात नाही. दुसरी गोष्ट अशी की पुढे खुद्द कॅथलिक बिशपांनीही या जत्रांवर बंदी आणली. संताच्या नावाच्या दिवशी भरणाऱ्या जत्रेला ‘पॅटर्न’ म्हणतात. तो ‘पेट्रन’, म्हणजे आश्रयदाता संत, या शब्दाचा अपभ्रंश आहे, ‘नमुना’ या अर्थाच्या इंग्रजी ‘पॅटर्न’शी येथे संबंध नाही. सकाळी अनवाणी फेऱ्या आणि संध्याकाळी दारू, नाच आणि दोन घराण्यांमधली लाठ्यांची मारामारी, असा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक पॅटर्नचा दिवस जाई. १८४५ मध्ये सुरू झालेल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर माणसेच उरली नाहीत तेव्हा पुष्कळ पॅटर्न बंद पडले. ज्या टिकल्या त्यांचे रूप शांत झाले. स्लायगो शहराजवळच्या टोबरनाल्टला आजही जुलैच्या शेवटच्या रविवारी पहाटे मिसा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, होते, आणि कॅथलिक उपासनेवरील बंदीच्या काळात येथे झाडीत लपून मिसा होत असे ही आठवण लोक त्या वेळी हटकून सांगतात.

तरीही नवी विहीर कधीच निर्माण होत नाही असे समजू नका. किल्डेअर काउंटीत ‘फादर मूर वेल’ आहे. तिचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका धर्मगुरूवरून पडले, आणि त्याची हॅट डोक्यावर ठेवली की डोकेदुखी जाते अशी समजूत आहे. प्राचीन देवी नाही, ड्रुइड म्हणजे जुन्या धर्माचा पुरोहित नाही, नोंदीतला साधा पाद्री, आणि तरी विहिरीभोवती तीच सगळी कथासामग्री जमली. मला या विहिरीचे महत्त्व फार वाटते, कारण दंतकथा जुनी दिसायला शंभर-दोनशे वर्षे पुरतात हे ती दाखवते.

उपचारांबद्दल आपण विचारले नाही, तरी मूल बरोबर असल्यामुळे सांगते. केरी काउंटीत ‘वेड्यांचे खोरे’ या अर्थाच्या नावाची दरी आहे. मनाने बिघडलेल्यांनी तेथील विहिरीचे पाणी प्यावे आणि काठावरची पाणवनस्पती खावी, अशी परंपरा आहे. त्या पाण्यात लिथियम आहे म्हणून गुण येतो असे हल्ली मोठ्या खात्रीने सांगितले जाते. औषध म्हणून लिथियमच्या क्षाराची मात्रा दिवसाला शेकडो मिलिग्रॅम असते, तर झऱ्याच्या पाण्यात ते लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. हिशेब आपणच करावा. विज्ञानाचा शब्द वापरला म्हणून दंतकथा विज्ञान होत नाही, ती फक्त नव्या कपड्यातली दंतकथा होते. आणि पाणी पिण्याबद्दल म्हणाल तर, आजूबाजूच्या शेतांवर शेणामुताची पातळ खते फवारली जातात आणि उथळ झऱ्यात ती सहज उतरतात. मी हात ओले करते, कपाळाला लावते, पीत नाही.

आता आपल्या विहिरीकडे. मी जी पद्धत वापरते ती एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत पश्चिमेकडच्या एका गावी मी मित्रमंडळींना पाटीवरची ड्रुइडांची गोष्ट रंगवून सांगत होते. कुंपणापलीकडे गुरे हाकणारा म्हातारा शेतकरी शांतपणे ऐकत उभा होता. माझे झाल्यावर तो म्हणाला, ‘छान आहे. आम्ही हिला दातदुखीची विहीर म्हणतो.’ पाटी लागून सहा वर्षे झाली होती, आणि ती लावणाऱ्यांनी त्याला काही विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते.

तेव्हापासून मी आधी जुना नकाशा पाहते. १८३३ ते १८४६ या काळात प्रसिद्ध झालेले, एका मैलाला सहा इंच प्रमाणाचे सरकारी नकाशे इंटरनेटवर विनामूल्य आहेत, आणि त्यांत विहिरीचे त्या वेळचे नाव असते. त्यानंतर शालेय संग्रह. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतील पन्नास हजारांच्या आसपास मुलांकडून घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी वहीत लिहून घेतल्या. पवित्र विहिरी हा त्यातला एक ठरवून दिलेला विषय होता. तो संग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आहे आणि ‘दूखस’ या संकेतस्थळावर पान अन् पान पाहता येते. डब्लिन शहराच्या हद्दीतील शाळा त्यातून वगळल्या होत्या, पण मलहडर्ट त्या काळी शेतीचे गाव होते, म्हणून परिसरातील शाळांची पाने पाहावीत. वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की काही वह्यांत मुलाच्या शब्दांमागे मास्तरांचा हात जाणवतो.

लेडी वेलपुरते बोलायचे तर तिचे नाव मेरीचे आहे, जवळच्या मध्ययुगीन चर्चचे अवशेषही मेरीच्याच नावाचे आहेत, आणि तिचा पॅटर्न ८ सप्टेंबरला, म्हणजे मेरीच्या जन्मदिवशी भरत असे. विहिरीवरचे घराच्या आकाराचे दगडी छप्पर कोणीतरी पैसे खर्चून, मन लावून बांधलेले आहे. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात: ही त्या मध्ययुगीन धर्मग्रामाची, म्हणजे त्या चर्चखालच्या वस्तीची, विहीर आहे. त्यापूर्वी तेथे काय होते हे सांगायला देवी हवीच असे नाही. ‘पुरावा येथे संपतो’ असे प्रकल्पात एक वाक्य असले तर शिक्षिका खूश होतील असे मला वाटते.

राहिली रिबीन. आपल्याकडे झाडाला धागा बांधतात तो नवसाचा असतो, मागणे पूर्ण झाले की सोडायचा. आयर्लंडमधली चिंधी निराळी आहे. दुखऱ्या भागाला लावलेले, पाण्यात बुडवलेले कापड झाडाला बांधतात, आणि ते जसजसे कुजत जाईल तसतसे दुखणे झिजत जाते अशी कल्पना आहे. म्हणूनच दुसऱ्याची चिंधी सोडू नये, ती सोडणाऱ्याला दुखणे लागते असे सांगतात. नायलॉनची रिबीन कुजत नाही, म्हणजे परंपरेच्याच हिशेबाने ती बांधणाऱ्याचे दुखणे कधी जायचे नाही, शिवाय फांदीला ती आवळत राहते. ज्या विहिरीला चिंध्यांची रीत नाही तेथे ती सुरू करू नये. जेथे आहे तेथे जुन्या सुती कपड्याची बोटभर पट्टी पुरे, आणि मुलीला काही दुखत नसेल तर न बांधणेच रीतीला धरून आहे. लोखंड आणि नाणी झाडाच्या अंगाला लावू नयेत, त्याचे काय होते ते क्लोनेनाला झाले. विहीर खासगी शेतात असेल तर विचारून जावे आणि फाटक जसे होते तसेच ठेवावे.

प्रकल्पासाठी एक सुचवते. १९३७ च्या मुलांनी गोष्ट लिहून झाली की खाली सांगणाऱ्याचे नाव, वय आणि राहण्याचे ठिकाण लिहिले, आणि आज त्या वह्यांची किंमत त्या तीन ओळींमुळे आहे. आपल्या मुलीचे आजी-आजोबा येथे नाहीत, पण गल्लीत कोणी सत्तरी ओलांडलेले शेजारी असतीलच. तिने त्यांना चहाला बोलावून लेडी वेलबद्दल काय ऐकले आहे ते विचारावे, ते सांगतील तसे, दुरुस्त न करता, उतरवून घ्यावे. ‘काहीच ऐकले नाही’ असे उत्तर आले तर तेही तारखेसह लिहावे. आणि काही मिळाले तर मला नक्की कळवा, कारण मलहडर्टच्या विहिरीबद्दल माझ्या वहीचे पान अजून जवळजवळ कोरे आहे.